चुना उकळतो, युरिया गारठतो

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. बोर्डोसाठी (मोरचूद नि चुन्याचं बुरशीनाशक) कळीचा चुना भिजवला की पाणी नुसतं खदखदतं, बादलीला हात लावता येत नाही. आणि फवारणीला युरिया विरघळवला की बादली बाहेरून गारेगार! खाली जाळ नाही, आत बर्फ नाही, मग उष्णता येते कुठून नि जाते कुठे? पोरगा दहावीला आहे, तो उष्मादायी-उष्माग्राही म्हणून मोकळा होतो.
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : पोराचं बरोबर आहे हो, पण नुसत्या नावानं तुमचं समाधान कसं होणार?

जाळ नाही म्हणता, पण जाळ झालाय, तुमच्या बागेत नाही तर चुनाभट्टीत. चुनखडी 900 अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साईड उडून जातो, कळी उरते, आणि हे काम उष्णता खाणारं, दर मोलला (म्हणजे 56 ग्रॅम कळीमागे) साधारण 178 किलोज्यूल. ही झाली उधारी. पाणी पडलं की त्यातले 65 लगेच परत, म्हणजे किलोभर कळीमागे अकराशेच्या वर किलोज्यूल, सगळे पाण्यातच गेले तर तीन लिटर गार पाण्याला उकळी येईल! उरलेले 113? चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत घेत परत चुनखडी होतो तेव्हा निघतात, पण इतक्या सावकाश की भिंतीला हात लावून कळायचं नाही. 65 अधिक 113, बरोब्बर 178. मला तर हा हिशोब जाम आवडतो.

युरियाचं उलटं. दाण्यातले रेणू एकमेकांना धरून बसलेले असतात, ते सुटे करायला उष्णता लागते, पाण्याशी जुळले की थोडी परत मिळते पण खर्चापेक्षा कमी, मग तूट निघते बादलीतल्या पाण्यातूनच. दहा लिटरात किलोभर टाकला तर पाणी पाचेक अंशांनी उतरतं. (सर लोक म्हणतील ही अभिक्रिया नाही, नुसतं विरघळणं आहे. मान्य, हिशोब तोच.)

आणि हो, बंध तुटले की उष्णता बाहेर पडते असं बरेच जण छातीठोक सांगतात, ते चूक. तोडायला कायम खर्चच येतो, मिळते ती नवे बंध जुळताना.

बाकी कळीवर एकदम पाणी ओतू नका, पाण्यात कळी थोडी थोडी सोडा, पातळ प्लॅस्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवाच, आणि चुन्याचं पाणी पुरतं गार झाल्याशिवाय मोरचूदाशी मिसळू नका.