स्पॅनिशमधील 'बेस' या नामाचे अर्थ आणि वापर

तुमचा प्रश्न असा आहे की, शब्दकोशात 'बेस' (vez) या नामाचा अर्थ 'वेळ' असा दिलेला असताना 'मला वेळ नाही' हे सांगताना तो शब्द का चालत नाही, आणि 'ताल बेस' (कदाचित), 'एन बेस दे' (ऐवजी) यांचा वेळेशी संबंध काय.

पहिल्या भागाचे उत्तर मराठीतच दडलेले आहे. आपल्याकडे 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत येतो. 'माझा वेळ गेला' यातील पुल्लिंगी वेळ म्हणजे अवधी, तर 'जेवणाची वेळ' किंवा 'तीन वेळा' यांतील स्त्रीलिंगी वेळ म्हणजे ठरलेला क्षण किंवा खेप. स्पॅनिशने या तिन्हींसाठी वेगळे शब्द ठेवले आहेत: अवधीसाठी 'तिएंपो', घड्याळातील वेळेसाठी 'ओरा' आणि खेपेसाठी 'बेस'. म्हणून 'मला वेळ नाही' हे 'नो तेंगो तिएंपो', जेवणाची वेळ ही 'ला ओरा दे कोमेर' आणि तीनदा म्हणजे 'त्रेस बेसेस'. योगायोग असा की लिंगेही जुळतात; 'तिएंपो' पुल्लिंगी आहे, उरलेले दोन्ही स्त्रीलिंगी. बोलण्यापूर्वी मनातल्या मराठी वाक्यात वेळ 'तो' आहे की 'ती', एवढे पाहिले तरी निम्मी अडचण सुटते.

दुसऱ्या भागासाठी थोडे मागे जावे लागते. हा शब्द लॅटिनमधील ज्या शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाळी, आळीपाळी, अदलाबदल असा होता. 'व्हाइस चॅन्सलर'मधील 'व्हाइस' त्याच घराण्यातला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. 'एन बेस दे ते, कफे' म्हणजे 'चहाऐवजी कॉफी', अर्थात चहाची पाळी कॉफीने घेतली. 'आसेर लास बेसेस दे' म्हणजे एखाद्याची जागा चालवणे. पाळीचा हा अर्थ स्पेनच्या बाजारात अजून रोजच्या बोलण्यात आहे. मासळीच्या किंवा भाजीच्या दुकानात शिरणारे गिऱ्हाईक 'क्येन दा ला बेस?' असे विचारते, म्हणजे 'शेवटचा नंबर कोणाचा?', आणि जो हात वर करील त्याच्यानंतर आपली पाळी धरते. (स्पेनच्या बऱ्याच भागांत या शब्दाचा शेवट 'बेथ' असा ऐकू येतो, लॅटिन अमेरिकेत 'बेस'.)

'ताल बेस' मात्र मुळाशी जाऊन न सोडवता अख्खा पाठ करावा, असे माझे मत आहे. त्यात शिकण्यासारखे आहे ते क्रियापदाचे रूप. 'ताल बेस' आधी आले तर पुढे सब्जंक्टिव्ह (शंका, इच्छा अशा गोष्टी दाखवणारे क्रियापदाचे रूप) किंवा साधे रूप, दोन्ही चालतात: 'ताल बेस येगे मान्याना' किंवा 'ताल बेस येगा मान्याना', म्हणजे 'कदाचित उद्या येईल', सब्जंक्टिव्हमध्ये शंका अधिक डोकावते. क्रियापदानंतर आले तर मात्र साधेच रूप.

बाकीच्या वाक्प्रयोगांना मराठीत इतके नेमके जोड आहेत की इंग्रजी शब्दकोशाच्या वाटेने जाण्याची गरजच नाही. 'दे बेस एन क्वांदो' म्हणजे अधूनमधून, 'ओत्रा बेस' म्हणजे पुन्हा, 'कादा बेस मास कारो' म्हणजे दिवसेंदिवस महाग. 'दे उना बेस' हा प्रयोग शिकणाऱ्यांना हमखास छळतो, कारण त्याचा अर्थ 'एका दमात' असाही होतो आणि वैतागलेला 'एकदाचा' असाही: 'कायाते दे उना बेस' म्हणजे 'एकदाचा गप्प बस!' हा 'एकदाचा' इंग्रजीत सांगताना दमछाक होते. आपल्याला तो आयताच मिळालेला आहे.

लिहिताना एवढे पाहा की एकवचनातील शेवटचे 'सेता' (z) हे अक्षर अनेकवचनात 'से' (c) होते. उच्चार तोच राहतो. आणि 'उना बेस'नंतर धातुसाधित आले की त्याचा अर्थ 'एकदा ... की' असा होतो. तेथे धातुसाधिताचे लिंग पुढील नामाप्रमाणे बदलते. एकदा तास संपला की, हे 'उना बेस तेर्मिनादा ला क्लासे', आणि एकदा काम संपले की, हे 'उना बेस तेर्मिनादो एल त्राबाहो'.