वाचकांचे प्रश्न : पदर, हिजाब आणि एक सही

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीची, शिवाजी विद्यापीठात एम. ए. करते. शाळेपासूनची माझी मैत्रीण गेल्या वर्षापासून हिजाब घालायला लागली. तिची अम्मी कधी घालत नव्हती, साडीचा पदर डोक्यावर, एवढंच. मी तिला म्हटलं, "हा धर्माचा दबाव आहे." तेव्हापासून ती बोलत नाही. सेमिनारसाठी वाचायला घेतलं तर अभ्यासकांतही दोन तट. एक म्हणतात इस्लामनं बाईला हक्क दिले, दुसरे म्हणतात काढून घेतले. खरं कुणाचं?

उत्तर : तुझं पत्र वाचताना मला माझीच एक सही आठवली. ती आधी सांगते, अभ्यासक कुठं पळून जात नाहीत.

१९९१ साली अब्बा गेले. अम्मी त्याआधीच गेली होती. पन्हाळा तालुक्यात आमची थोडी उसाची जमीन, वारस दोन भाऊ आणि मी. शरियतच्या हिशेबानं भावांना दोन-दोन वाटे, मला एक, म्हणजे पाचवा हिस्सा. हा हिशेब मला तोंडपाठ. राज्यशास्त्र शिकवत होते, 'स्त्री आणि कायदा' यावर वर्गात तासभर बोलायचे. आणि तरी एका सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही करून आले. कुणी धमकावलं नाही. भावजय फक्त एवढंच म्हणाली, "बाजी, माहेर चालू राहायला पाहिजे ना?" बाहेर आल्यावर थोरल्या भावानं उसाचा रस पाजला, पुढच्या ईदला साडी आली. आत कचेरीत शेजारी एक पाटलीणबाई भावांसाठी तसाच कागद करत होत्या. त्यांनी अंगठा उठवला, मी सही केली. आमच्यात फरक काय तो तेवढाच.

आता सांग, माझा पाचवा हिस्सा कुणी घेतला? कुराणातल्या सूरह निसानं तर तो दिला होता. निम्मा दिला, भावाइतका नाही, हे मी झाकून ठेवत नाही. पण जो दिला तोही घरात आला नाही.

बऱ्याच वर्षांनी डेनिझ कांदियोती या तुर्की समाजशास्त्रज्ञ बाईंचा १९८८ सालचा एक लेख हातात पडला आणि मी चमकले. त्या म्हणतात, बाया पुरुषसत्तेशी सौदा करतात. मुस्लिम समाजात बहिणीनं वारसाहक्क मागितला की भावाची माया गेली. नवऱ्यानं छळलं, टाकलं, तर तिला आसरा त्या भावाचाच. म्हणून ती आपणहून सोडते. अगदी भावजयीचंच वाक्य, फक्त इंग्रजीत आणि तळटीपांसह!

याच बाईंनी १९९१ मध्ये एक ग्रंथ संपादित केला. त्यात त्यांचं म्हणणं असं की, मुस्लिम देशांतल्या बायकांची स्थिती नुसत्या धर्मग्रंथावरून कळत नाही; त्या देशातलं राज्य कसं उभं राहिलं ते बघावं लागतं. इराण बघ. १९३६ साली तिथला राजा रेझा शाहनं बायकांच्या चादरीवर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतच्या पांघरुणावर, बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढत. कितीतरी जणींनी घराबाहेर पडणं सोडलं, मुलींच्या शाळा सुटल्या. मग १९७९ची क्रांती झाली आणि हिजाब सक्तीचा झाला. त्या मार्चमध्ये तेहरानच्या रस्त्यांवर उतरून बायकांनी विरोध केला, तरीही. एकच देश, एकच धर्म, आणि दोन उलटे हुकूम. दोन्ही वेळी हुकूम पुरुषांचाच होता. २०२२मध्ये हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर तिथल्या मुली पुन्हा रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांचा रोष या सक्तीवरच होता.

इजिप्तच्या लैला अहमद यांनी १९९२च्या पुस्तकात आणखी एक गंमत दाखवली आहे. लॉर्ड क्रोमर हा इंग्रज अधिकारी इजिप्तवर राज्य करताना बुरख्यावर तुटून पडायचा, म्हणायचा या बिचाऱ्या बायकांची सुटका झाली पाहिजे. आणि घरी इंग्लंडात? बायकांना मताचा अधिकार नको म्हणणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्याच्याकडं. इजिप्तमध्ये शाळांची फीसुद्धा त्यानंच वाढवली. म्हणून कुणी 'मुस्लिम बाईला वाचवायला' निघालं की मी आधी त्याच्या घरातल्या बायकांबद्दल विचारते.

तू सांगतेस ते दोन तट थोडे फसवे आहेत. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी घे. बाईच्या हाती कारभार देणाऱ्या लोकांचं भलं होत नाही, अशी एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं वचन, पुन्हापुन्हा ऐकवली जाते. मर्निसींनी ती धर्माबाहेर उभं राहून खोडली नाही. त्या जुन्या ग्रंथांत शिरल्या. हदीस सांगणारे अबू बकरा, आणि त्यांना ती आठवली इ. स. ६५६च्या उंटाच्या लढाईनंतर, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांची बाजू हरल्यावर. शिवाय याच अबू बकरांना खोट्या साक्षीबद्दल खलिफा उमर यांच्या काळात शिक्षा झाली होती. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. मदरशात आम्हाला पाठ करायला शिकवलं होतं, तपासायला नाही.

सबा महमूद यांच्याशी माझं भांडण आहे, अर्धंच. पाकिस्तानात वाढलेल्या या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात कैरोच्या मशिदींत धर्म शिकायला जमणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. त्यांचा मुद्दा असा की, बाई बंड करते तेव्हाच ती स्वतःच्या मनाची असते हे आपलं गृहीत आहे. हया म्हणजे लाज, नम्रता या गोष्टी कमवण्यासाठीही ती आपलं मन लावते. पहिल्यांदा वाचून मला संताप आला. मग सदर बाजारातली माझी धाकटी खाला आठवली. साठीत तिनं बायकांच्या इज्तेमाला, म्हणजे धार्मिक मेळाव्याला, जायला सुरुवात केली, कुराणाचा उर्दू तर्जुमा (भाषांतर) वाचायला शिकली, आणि एक दिवस मुलांसमोर सूरह निसा उघडून म्हणाली, "बहिणीचा वाटा काढा, नाहीतर मला तोंड दाखवू नका." मी, प्राध्यापिका, जे करू शकले नाही ते तिनं केलं. पण त्याच खालानं भाचीच्या हळदीत गाणी बंद पाडली, हेही लिहायला हवं. महमूदबाईंच्या पुस्तकात हळदीतलं ते रडवेलं पोरगं मला फारसं सापडत नाही. आमचं भांडण तिथं आहे.

तुझी मैत्रीण. दबाव असूही शकतो. स्थळं बघणाऱ्या मावश्या काय काय बोलतात मला ठाऊक आहे. नसेलही. तू तिला विचारलं नाहीस, सांगून टाकलंस. ईदला शिरखुर्म्याचं बोलावणं येईल याची वाट बघत बसू नकोस, त्याआधीच जाऊन ये.

प्रश्न : मुस्लिम देशांत एका दमातला तलाक कधीच बंद झाला. आपल्याकडं २०१७ का उजाडावं लागलं? (एक वाचक, कागल)

उत्तर : इजिप्तनं १९२९ साली एका दमात उच्चारलेले तीन तलाक एकच धरायचे ठरवलं. ट्युनिशियानं १९५६मध्ये घटस्फोट कोर्टातच होईल असं केलं, दुसरी बायको करायलाही बंदी घातली. तिथले नेते बुर्गिबा यांनी त्यासाठी कुराणाचाच आधार काढला : सर्व बायकांशी सारखं वागा ही अट, आणि ते तुम्हाला जमणार नाही हेही तिथंच लिहिलेलं. पण खरी गोष्ट अशी की त्यांना मतं मागायची नव्हती. आपल्या शाहू महाराजांनी १९१९मध्ये बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, तेव्हा त्यांनाही मागायची नव्हती. अर्थात रेझा शाहलाही नव्हती, म्हणून मी या वाटेचं फार कौतुक करत नाही.

तिथं मुसलमान बहुसंख्य, भांडण घरातलं. इथं अल्पसंख्य, मग कायद्याला हात लावणं म्हणजे ओळखीला हात लावणं असं वाटू लागतं, आणि दोन्हीकडचे पुढारी त्यावर पोळी भाजतात. तलाक दिलेल्या शाहबानोला पोटगी देणारा निकाल १९८५चा, त्याची धार बोथट करणारा कायदा १९८६चा. समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका तोंडी तलाक बंद करा म्हणत मुंबईत मोर्चानं गेल्या ती तारीख १८ एप्रिल १९६६. एका दमातला तलाक रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २२ ऑगस्ट २०१७ रोजी, तोही तीन विरुद्ध दोन मतांनी.