गुंजेचा वेल लावताय? आधी हे वाचा

ज्येष्ठमध म्हणून कुणी गुंजेचा वेल दिला असेल तर गोंधळू नका. पाला गोड लागतो म्हणून तिला रानटी ज्येष्ठमध म्हणतात, पण खरा ज्येष्ठमध वेगळा. गुंज मात्र आपल्याच मातीतली.

पान चिंचेसारखं. कोवळा पाला चावून बघा, आधी हिरवट चव येते आणि मग गोडवा जिभेवर रेंगाळतो. विड्यात दोन-चार पानं घालतात ती याचसाठी. घसा बसला की मीही तेवढीच चघळते, जास्त नाही.

बी मात्र तोंडात घालायचं नाही. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका, मुलांना हमखास मोह पडतो. त्यातल्या ॲब्रिन या विषावर उतारा नाही. चावलेलं किंवा भोक पाडलेलं बी सर्वांत घातक, म्हणून माळा ओवू नका. कुणी चावलंच तर त्रास व्हायची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

सोनार याच बियांनी सोनं तोलायचे: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा.

कवच टणक असतं. गरम पाण्यात रात्रभर भिजवून जूनमध्ये कुंपणाशी पेरा. हिवाळ्यात शेंगा तडकण्याआधीच काढून घ्या.