सेंट्रल हीटिंगला ड्रेन पॉइंट स्वतः बसवता येतो का?

तुम्ही इंग्लंडात जुनं घर घेतलंय, कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी एकाच यंत्रातून) आहे, हॉलमधला रेडिएटर बदलायचाय आणि सिस्टिममधलं पाणी सोडायला नळच सापडत नाही. हा नळ, म्हणजे ड्रेन पॉइंट, बसवता येतो, पण आधी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे व्हा. आमच्याकडे ‘नाहीच’ म्हणून मी नवा आणला, आणि जुना सोफ्यामागे रंगाच्या थरांखाली निघाला. चौकोनी डोक्याचा स्पिंडल (नळ फिरवायचा दांडा) आणि रबरी नळी बसेल असं खाचांचं तोंड दिसलं की तोच.

खरंच नसेल तर जागा सगळ्यात खालची हवी. तळमजल्याला काँक्रीट असेल तर पाइप बऱ्याचदा वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून येऊन भिंतीवरून खाली उतरतात. मग खाली उतरलेल्या पाइपांच्या प्रत्येक जोडीचा खालचा भाग म्हणजे वेगळा खड्डा. एका नळाने सगळ्यांचं पाणी निघत नाही.

१५ मिलिमीटरचा पाइप कापून टी (तीन तोंडांचा जोड) घालता येतो. मी त्या भानगडीत पडणार नाही. लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरच्या एका टोकाचा, टोपणाखाली झाकलेला) काढून ड्रेन असलेलाच लॉकशील्ड बसवा. नळ ‘टाइप ए’चा, म्हणजे ग्लँडवाला (स्पिंडलभोवती पाणी अडवणारं पॅकिंग असलेला) घ्या, साधा असला की उघडताच स्पिंडलशेजारून हातावर पाणी.

गंमत अशी, की नळ बसवायला आधी पाणी काढायला हवं आणि पाणी काढायला नळ! रेडिएटर तुम्ही काढणारच आहात, ते इथे कामी येतं. बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, फिलिंग लूप (सिस्टिममध्ये पाणी भरायची जोडणी) बंद आहे ना ते बघा. रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. लॉकशील्ड किती फेऱ्यांत बंद झाला ते लिहून ठेवा. खाली परात सरकवून व्हॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणारा नट सैल करा, वरची ब्लीड चावी (हवा काढायची) उघडा. पाणी शाईसारखं काळं असतं (आतला गंज), गालिच्यावर जुन्या चादरी हव्यातच. दुसऱ्या टोकाचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानानुसार उघडमीट करणारा) शून्यावर ठेवला तरी खोली गारठली की आपोआप उघडू शकतो, म्हणून रेडिएटर उतरवल्यावर या व्हॉल्व्हच्या तोंडाला टोपण लावा.

आता वॉशिंग मशीनला पाणी आणणारा पाइप घ्या. पाऊण इंची आट्यामुळे तो बहुतेक रेडिएटर व्हॉल्व्हच्या तोंडावर बसतो. दुसरं टोक बाहेर गटाराच्या जाळीत, व्हॉल्व्हपेक्षा खाली. लॉकशील्ड उघडा, मग वरच्या मजल्यापासून एकेक ब्लीड चावी.

नवा व्हॉल्व्ह बसवताना दोन पाने वापरा, एकाने व्हॉल्व्ह धरून ठेवायचा, नाहीतर तांब्याचा पाइप पिळवटतो. नट हाताने घट्ट, मग पान्याने साधारण एक फेरा. नवा रेडिएटर चढवून ब्लीड चाव्या बंद करा. भरताना इनहिबिटर (गंज रोखणारं द्रव्य) घालायला विसरू नका. हवा काढून झाल्यावर गार सिस्टिमचा दाब १ ते १.५ बार. बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका, ते गॅस सेफ (गॅसकाम करणाऱ्यांची तिथली अधिकृत यादी) नोंदणीवाल्याचं काम.

रात्री सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून झोपा. सकाळी ओला दिसला तर पाव फेरा आणखी.