एक दिवस सुट्टी घेतली तर मी ढिला पडेन का?

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, भरतीवाली पोरं असोत नाहीतर सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळखीचे तपशील बदललेत.

मुलगा २१ वर्षांचा, साताऱ्याकडचा, पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन राहणारा. आई घेऊन आली. "मॅडम, हा झोपतच नाही ओ, आणि बोललं की अंगावर येतो." ध्येय एकच, पॅरा एसएफ, आपल्या सैन्याचे पॅराशूटवाले कमांडो. म्हणजे आधी सैन्यात जायचं, मग स्वतःहून नाव द्यायचं, मग साधारण ९० दिवसांचं प्रोबेशन. आणि याचं अजून सीडीएसच निघायचं होतं! पण पाठीवर २० किलो वाळूची सॅक घेऊन आठवड्यातून चारदा सिंहगड, बाकीचे दिवस तळजाई टेकडी. रात्री झोप चार तास, ती पण मुद्दाम, कारण अमेरिकेच्या नेव्ही सील्स कमांडोंच्या प्रशिक्षणातल्या हेल वीकमध्ये साडेपाच दिवसांत मिळून जेमतेम चार तास झोपायला मिळतं हे त्याने रीलवर पाहिलेलं, म्हणून आत्तापासून सवय.

मी आधी चुकलेच. अर्धा तास वडील, अपेक्षा, भीती हेच उकरत बसले. तो उठून पाणी प्यायला गेला तेव्हा दिसलं की डावा पाय जपून टाकतोय. विचारलं तर म्हणे नडगी दुखते, तीन आठवडे झाले, एक्सरे नॉर्मल आहे. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव म्हटलं तर बरोब्बर एका जागी बोट ठेवलं, रात्री पडल्यावरही ठणकतं म्हणाला. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं आणि हे वेगळं, आणि हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. मी काही डॉक्टर नाही, पण म्हटलं आपलं बोलणं राहू दे, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सहा आठवडे पळणं बंद.

खरं काम इथून पुढे होतं. पुढच्या वेळी आला तो रडायलाच लागला. दुखणं त्याला कळत होतं ओ, पण थांबलो तर आपण त्यातले नाही हे सिद्ध होईल असं डोक्यात बसलेलं. वडिलांची आर्मीची भरती दोनदा हुकलेली, हे त्याने आत्ता आपणहून सांगितलं, मी उकरत होते तेव्हा नाही.

मी त्याला २०१३ च्या जुलैची गोष्ट सांगितली. वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरात एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाच्या राखीव तुकडीच्या निवडीचा मार्च होता, कडक ऊन, आणि तीन सैनिक उष्माघाताने गेले. चौकशीत आयोजकांच्या चुका निघाल्या, पण मला त्याला एवढंच दाखवायचं होतं की ते तिघं कच्चे नव्हते. शरीर थांब म्हणतं तेव्हा ते आपली लायकी काढत नसतं. बराच वेळ गप्प होता.

मग आम्ही वही काढली. पोहणं आणि सायकल डॉक्टरांना विचारून. झोप आठ तास, कारण जागरण काही बँकेत साठत नाही, तिथे पोचशील तेव्हा भरलेल्या अंगाने पोच. पळणं परत सुरू झाल्यावर सॅक आधी रिकामी, मग थोडं थोडं वजन, आणि अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवायचं नाही. सिंहगड वर चालत, खाली शेअर जीपने, कारण वजन घेऊन उतरताना नडगीला जास्त दणके बसतात. जीपचं ऐकून तो इतका नाराज झाला की काय सांगू. "मॅडम, पोरं हसतील." हसू देत! (मी पर्वती चढताना तीनदा थांबते, मला सगळेच हसतात.)

आईलाही एक काम दिलं, रोज फोनवर "किती पळालास" विचारायचं नाही, "जेवलास का" विचारायचं.

परवा रविवारी त्याचा मेसेज आला. "आज पूर्ण सुट्टी घेतली. सकाळी अकरापर्यंत लय अपराधी वाटलं, मग मिसळ खाऊन परत झोपलो."