प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ताठरता येत नाही आणि पती दूर राहू लागले आहेत: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई,

आपल्या यजमानांची, वय 59, कर्करोगामुळे संपूर्ण प्रोस्टेट ग्रंथी काढण्याची रोबोटिक शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले आहेत. पीएसए (प्रोस्टेट कर्करोगाचा मागोवा घेणारी रक्ततपासणी) नगण्य आहे आणि लघवीवरचा ताबा बराचसा परत आला आहे. परंतु ताठरता अजिबात येत नाही आणि ते हॉलमध्ये झोपू लागले आहेत. डॉक्टरांनी ‘या वयात आता कशाला’ म्हणून विषय मिटवला. हे कायमचे आहे का, विषय काढला तर ते दुखावतील का, आणि नातेवाइकांनी आणून दिलेले ‘ताकदीचे’ चूर्ण द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. याच शस्त्रक्रियेतून गेलेला रुग्ण आहे आणि अशा जोडप्यांशी बरेच बोललो आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

लिंगाला ताठरता आणणारे मज्जातंतू प्रोस्टेटच्या दोन्ही कडांना अगदी चिकटून जातात. 1982 साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक पॅट्रिक वॉल्श यांनी हे तंतू राखून ग्रंथी काढण्याची पद्धत सुरू केली. त्यापूर्वी या शस्त्रक्रियेनंतर ताठरता जाणे जवळपास ठरलेलेच असे. मात्र तंतू राखले तरी ते शस्त्रक्रियेत ताणले जातात, दुखावतात, आणि त्यांना सावरायला दीड ते दोन वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे सहा महिन्यांच्या स्थितीवरून ‘कायमचे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवे की पुष्कळ पुरुषांना पूर्वीइतकी ताठरता औषधाशिवाय परत मिळत नाही, आणि वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू व शस्त्रक्रियेआधीची स्थिती यांवर बरेच अवलंबून असते. शस्त्रक्रियेपूर्वी ‘सगळे पूर्ववत होईल’ असे मोघम आश्वासन मिळालेली माणसे पुढे अधिक खचतात, असे मी पाहिले आहे.

जे जात नाही तेही समजून घ्यावे. लिंगाच्या त्वचेची संवेदना वेगळ्या मज्जातंतूंकडे असते, त्यामुळे स्पर्शाचे सुख आणि कामतृप्तीचा परमोच्च क्षण, दोन्ही ताठरता नसतानाही अनुभवता येतात. वीर्य मात्र बाहेर येत नाही, कारण ते तयार करणारी प्रोस्टेट आणि वीर्यकोश दोन्ही काढलेले असतात. हे आधी कोणी सांगितलेले नसले, तर पहिल्याच वेळी पुरुष घाबरून जातो. त्या क्षणी थोडी लघवी गळणे हेही पुष्कळांच्या बाबतीत घडते. आधी लघवी करून यावे, जवळ एक टॉवेल ठेवावा, हवे तर निरोध वापरावा. लिंगाची लांबी थोडी कमी झाल्यासारखी वाटते, तेही खरे आहे आणि त्याबद्दल पुरुष बायकोशीसुद्धा बोलत नाहीत.

आता हॉलमधल्या झोपण्याविषयी, कारण माझ्या मते आपला खरा प्रश्न तोच आहे. पुरुष दूर का जातो, याची दोन कारणे मी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. एक म्हणजे पॅड आणि लघवीच्या वासाची धास्ती. दुसरे अधिक खोलवरचे असते: आपण हात धरला, जवळ घेतले, तर पुढची अपेक्षा निर्माण होईल आणि ती आपल्याला पुरी करता येणार नाही, म्हणून तो हात धरणेच सोडून देतो. या टप्प्यावर बहुतेक पत्नी अत्यंत प्रेमाने म्हणतात, ‘मला आता काही नको, तुम्ही बरे झालात हेच पुष्कळ आहे.’ पुरुषाच्या कानावर त्याचा अर्थ वेगळाच पडतो: हिला आता माझी गरज उरलेली नाही. म्हणून ते वाक्य टाळावे. त्याऐवजी आपल्याला काय हवे आहे ते सांगावे: ‘अहो, तुम्ही हॉलमध्ये झोपता ते मला आवडत नाही. बाकी काही झाले नाही तरी चालेल, पण तुम्ही शेजारी हवेत.’ हे रात्री अंथरुणावर बोलू नये. सकाळी फिरायला गेल्यावर, शेजारी चालताना, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही तेव्हा बोलणे सोपे जाते. ते दुखावतील ही भीती मला समजते, परंतु सहा महिन्यांच्या मौनाने ते आधीच दुखावलेले आहेत, आणि आपणही.

यापुढे उघड करार करावा की काही आठवडे संभोगाचा प्रयत्नच करायचा नाही. लैंगिक समुपदेशक ही पद्धत मुद्दाम सुचवतात: सुरुवातीला पाठ, खांदे, पाय चोळणे, मिठी, शेजारी पडून राहणे, एवढेच, गुप्तांगांना स्पर्श पुढच्या टप्प्यावर, आणि तेव्हाही काही ‘साध्य’ करण्याचा हेतू न ठेवता. करार स्पष्ट असला की जवळ येण्यातली परीक्षा संपते. पुढे हाताने किंवा मुखाने एकमेकांना सुख देता येते, अर्धवट ताठरता त्याला पुरते, आणि पुष्कळ जोडप्यांना, बोलून दाखवत नसले तरी, ते पूर्वीपेक्षा निवांत वाटते. ताठरता परत येईपर्यंत सगळी जवळीक स्थगित ठेवणे हाच माझ्या पाहण्यातला सर्वांत मोठा तोटा आहे, कारण ती दोन वर्षांनी आलीच, तर तोवर दोघांना एकमेकांचा स्पर्श परका झालेला असतो. मुलगा-सून, नातवंडे यांच्यासह दोन खोल्यांत राहणाऱ्यांची अडचण खरी असते. दाराला आतून कडी आणि दुपारचा एखादा तास यांची सोय दोघांनी मिळून ठरवावी लागते.

औषधांपैकी सिल्डेनाफिल आणि टॅडॅलाफिल या गोळ्या पहिल्यांदा दिल्या जातात. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, आणि तेलकट जेवणानंतर नव्हे; टॅडॅलाफिलचा परिणाम 36 तासांपर्यंत राहू शकतो. दोन्ही गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत, त्यांना स्पर्श आणि उत्तेजना लागतेच. शिवाय त्या मज्जातंतूंच्याच संदेशावर काम करतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत त्या निष्फळ ठरल्या तरी वर्षभराने पुन्हा करून पाहण्यात अर्थ असतो. रोज गोळी घेतल्याने तंतू लवकर बरे होतात असे ठामपणे सांगितले जाते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र रोज टॅडॅलाफिल घेणाऱ्यांना त्या काळात फायदा झाला, लिंगाची लांबीही अधिक राखली गेली, परंतु गोळी थांबवल्यानंतर आपोआप येणाऱ्या ताठरतेत लक्षणीय फरक उरला नाही. एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातले कोणतेही औषध सुरू असेल, तर या गोळ्या घेऊच नयेत. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. लघवीसाठी टॅमसुलोसिन चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

गोळ्यांनी काम झाले नाही तर व्हॅक्यूम पंप आहे. तो मज्जातंतूंवर अवलंबून नसतो; नळीतील हवा काढून रक्त लिंगात ओढले जाते आणि मुळाशी रबरी कडे चढवून ते तेथे रोखले जाते. कडे अर्ध्या तासाच्या आत काढायचेच. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. लिंगात घ्यायचे इंजेक्शन ऐकायला भयंकर वाटते, प्रत्यक्षात सुई अगदी बारीक असते आणि परिणाम चांगला होतो. पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा, आणि ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर रात्री-अपरात्रीसुद्धा रुग्णालय गाठावे. इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने लिंगाच्या आत बसवायचे साधन, हा शेवटचा पर्याय, सहसा तंतू सावरण्यासाठी पुरेसा काळ देऊन झाल्यावरचा, कारण त्यानंतर नैसर्गिक ताठरतेकडे परत जाता येत नाही. हवा तसा वाकवता येणारा, तुलनेने स्वस्त इम्प्लांट मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी विकसित केला आहे. द्रव भरून फुगवता येणारे महाग पडतात.

या सगळ्यात आपल्या शरीराचाही विचार हवा. रजोनिवृत्तीनंतर योनीमार्ग कोरडा होतो, आणि खंड पडल्यानंतरचा संबंध दुखतो. ते दुखणे पाहून यजमान पुन्हा मागे सरतील. पाण्यात विरघळणारी वंगण जेल औषधांच्या दुकानात सहज मिळते, आणि त्रास जास्त असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ लावण्याचे हार्मोनयुक्त क्रीम देऊ शकतात. शरीरसंबंधाने कर्करोग आपल्याला लागत नाही, आणि त्यांचाही परत येत नाही.

पुढे कधी किरणोपचार किंवा हार्मोनरोधक इंजेक्शने देण्याची वेळ आली, तर चित्र बदलते. किरणांचा ताठरतेवरचा परिणाम हळूहळू, काही वर्षांत दिसतो. हार्मोनरोधक उपचारात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनच दाबले जात असल्याने इच्छाच ओसरते, अंगातून गरम वाफा येतात, कधी छाती वाढते, मन उदास होते. ही गोष्ट पत्नीला ठाऊक नसेल तर ती उपचाराचा परिणाम आपल्यावरच्या प्रेमाच्या खात्यात मांडते.

चूर्ण देऊ नये. अशा ‘ताकदीच्या’ औषधांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले आढळले आहे, आणि त्याचे प्रमाण किती आहे हे खाणाऱ्याला कळत नाही. हृदयविकाराच्या गोळ्या घेणाऱ्यासाठी ते जिवावर बेतू शकते. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनेही कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

‘या वयात कशाला’ हे वैद्यकीय उत्तर नव्हे. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांच्या लैंगिक आरोग्याविषयी 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जोडीदारालाही उपचारात सामील करून घ्या असेच सांगतात. पुरुषांच्या लैंगिक तक्रारी पाहणाऱ्या दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञांची किंवा अँड्रोलॉजिस्टची वेळ घ्या आणि दोघे मिळून जा. शस्त्रक्रियेची लेखी नोंद व सध्याच्या सर्व औषधांची यादी सोबत असू द्या, आणि मज्जातंतू एका बाजूचे राखले, दोन्ही बाजूंचे की कोणतेच नाहीत, हे पहिल्यांदा विचारा. पुढचा सल्ला बराचसा त्यावर ठरेल. उत्तर मिळाले की इथे लिहा, कोणत्या पर्यायापासून सुरुवात करता येईल यावर पुढे बोलू.