अंड्याचे कप आदल्या रात्री करताना

अंड्याचे कप म्हणजे फेटलेलं अंडं नि भाजी मफिनच्या साच्यात ओतून ओव्हनमध्ये भाजलेले. सगळ्यात आधी पाण्याचा बंदोबस्त करा. टोमॅटो, पालक कच्चे घातलेत तर दुसऱ्या दिवशी कपाच्या तळाशी पाणी साचतंच. भाजी परतून, गार करून घाला. म्हापशाच्या बाजारातलं चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज, घालणार असाल (जरूर घाला!) तर आधी शिजवून चरबी निथळू द्या, वरून मीठ बेताचंच. साच्याला कडेपर्यंत तेल लावा. ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर साधारण 20 मिनिटं. मधोमध घट्ट झालं की लगेच बाहेर, नाहीतर अंडं रबरासारखं होतं. फुगलेले कप नंतर बसतात, घाबरू नका. आपल्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर नकोच. गार होताच झाकून फ्रिजमध्ये, 3-4 दिवस टिकतात. सकाळी चांगले वाफाळेपर्यंत गरम करून पोईत (गोव्याचा पाव) भरा.